जेवल्यावर सही

माझ्या आईला गावासमोर उभं केलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सुरुवात इथूनच करते, कारण दुसरीकडून कुठून सुरू केलं तर हे वाक्य मी गाळून टाकीन. आजवर गाळतच आले.

सातवीत होते. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमचं गाव. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर गोरे पाहुणे. दोन बाया, तीन पुरुष. त्यांच्या देशातून आलेल्या पैशातून आमच्या डोंगरावर चर खोदले होते, रोपं लावली होती, ती बघायला ते आले होते. आम्ही लेझमीच्या पोरी पुढं एका रांगेत. गुरुजींनी बजावून ठेवलेलं, मी हात वर केला की टाळ्या, खाली केला की बंद.

त्या वर्षापासून डोंगरावर चराईबंदी होती. शेळी, मेंढी, गाय, काही वर न्यायचं नाही. पैसे देणाऱ्यांची ती अटच होती. अट तिकडून आली, पण ठरावात लिहिलं 'ग्रामस्थांनी स्वयंस्फूर्तीने'. ही स्वयंस्फूर्ती झाली त्या ग्रामसभेला आमच्या धनगरवस्तीवरचं एक माणूस नव्हतं. असणार कसं? दसरा झाला की आमची माणसं मेंढरं घेऊन साताऱ्याच्या अंगाला निघतात, ती पाऊसपाण्याला परत येतात. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, असं आठ महिने. वस्तीवर उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि नुकती व्यालेली मेंढरं. सभा नेमकी त्याच महिन्यांत घेतली. कुणी चुकून घेतली असं मला आता वाटत नाही.

आई त्या वर्षी मागं राहिली होती. सहा मेंढ्या व्यालेल्या, कोकरं लहान. खाली माळावर काडी उरली नव्हती. तिनं एका सकाळी मेंढ्या वर नेल्या. राखणदारानं धरल्या आणि कोंडवाड्यात घातल्या. एरवी दंड भरून सोडवता यायच्या. पण दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते आणि पाणलोट समितीचे अध्यक्ष अण्णा यांना एक गोष्ट सुचली. अण्णांची विहीर डोंगराच्या बरोबर पायथ्याशी. ते म्हणाले, दंड नको. गावासमोर यायचं आणि आपल्या तोंडानं चूक सांगायची. पाहुण्यांनाही दिसू दे गावाची शिस्त.

तर आई उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं इतका पुढं ओढला होता की तिचं तोंड दिसत नव्हतं. अण्णांनी नाव विचारलं. आयुष्यभर तिला ओळखणाऱ्या माणसानं नाव विचारलं. तिनं सांगितलं. काय केलं म्हणून विचारलं. मेंढरं वर नेली म्हणाली. चूक झाली का? पुन्हा विचारलं. झाली म्हणाली.

दुभाषा बराच वेळ इंग्रजीत बोलत होता. एवढ्याशा उत्तराचं एवढं काय सांगत होता कुणास ठाऊक. पाहुणे माना डोलवत होते. त्यातली एक बाई उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं आईचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी विचारलं. दुभाषा म्हणाला, तुम्हाला आता कसं वाटतंय ते बाई विचारताहेत.

आई म्हणाली, "माजी मेंढरं सोडा. कोकरं उपाशी हायती, कालधरनं वरडाय लागल्यात."

दुभाष्यानं तेही इंग्रजीत केलं. बाई हसली, तिनं आईला मिठी मारली. गुरुजींचा हात वर गेला. मी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या, कारण पहिल्या रांगेत होते आणि गुरुजी बघत होते.

मेंढ्या संध्याकाळी सुटल्या. तोवर एक कोकरू मेलं होतं.

खोटं बोलणार नाही, डोंगराखाली पाणी आलं. चर खोदल्याचा गुण आला. पण पाणी विहिरीला येतं आणि विहीर ज्याच्या रानात त्याची असते. आमच्याकडं रान नव्हतं, डोंगर होता. तो गेला. अण्णांच्या माळावर डाळिंबाची बाग उभी राहिली आणि आमच्या वस्तीवर टँकर यायचा तो येतच राहिला. दोन वर्षांत आमच्या वाट्याचा चारा संपला. वडलांनी लोणंदच्या बाजारात कळप विकला आणि सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमालीला लागले. आई अण्णांच्या बागेत फळांना कागद बांधायला जाऊ लागली. ज्या पाण्यासाठी तिला गावासमोर उभं केलं, त्याच पाण्यावरच्या बागेत. या गोष्टीचा राग यायलासुद्धा मला पुढं पंधरा वर्षं लागली, कारण मधल्या काळात मी त्यांच्या जेवणावर वाढत होते.

ते असं झालं. हे पाणलोटाचं काम सांगलीच्या ज्या संस्थेनं केलं, तिचं मुलींचं वसतिगृह होतं. संस्थेचे सर आमच्या शाळेत आले, हुशार मुलगी कोण म्हणून विचारलं, गुरुजींनी मला पुढं केलं. सर तसे गोड माणूस. खादीचा सदरा, कधी आवाज चढवणार नाहीत. मी वसतिगृहात राहिले, शिकले, समाजकार्याची पदवी घेतली आणि त्याच संस्थेत नोकरीला लागले. वस्त्यांवर जायचं, बायकांच्या बैठका घ्यायच्या, कागद भरून आणायचे. परदेशी पाहुणे आले की सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "शी इज फ्रॉम द कम्युनिटी." पाहुणे खूश व्हायचे. मग हॉटेलात जेवायला गेलो की मी ड्रायव्हरबरोबर कोपऱ्यातल्या टेबलावर. मला कुणी तिथं बस म्हणायचं नाही. मलाच कळायचं. एकदा चुकून मोठ्या टेबलाची खुर्ची ओढली तर सर हळूच म्हणाले, अगं, इथं जरा कामाचं बोलायचंय.

हेही मी गिळलं. गिळायची सवय लागली की चव कळत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कपाटात मला त्या दिवसाचा अहवाल सापडला. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. आईचा फोटो होता. पदर पुढं ओढलेला, गोरी बाई तिला मिठीत घेऊन हसतेय. खाली इंग्रजीत लिहिलेलं, आणि ते शब्द माझ्या आईचे म्हणून छापलेले. 'पूर्वी मी डोंगर ओरबाडत होते, आता तो मला माझा वाटतो.' कोकरांचं काही नव्हतं. मी ते पान दोनदा वाचलं आणि अहवाल परत कपाटात ठेवला. का ठेवला? नोकरी नवी होती. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही.

आता माझ्या करणीचं सांगते.

आमच्या लोकांची एक रीत आहे. दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. 'बघू की' म्हणतील, 'करूया की' म्हणतील, विषय पावसापाण्यावर नेतील. समजणाऱ्यानं समजायचं. आणि त्यातून तो माणूस जर आपल्या घरात बसून जेवला असेल, तर मग काही बोलायलाच नको. भाकरी खाल्लेल्या माणसाला रिकाम्या हातानं लावणं म्हणजे आपल्याच अन्नाचा अपमान. संस्थेतल्या शहरी पोरापोरींना हे माहीत नव्हतं. ते वस्तीवर जायचे, सतरंजीवर बसायचे, भाषण द्यायचे, 'बघू की' ऐकून परत यायचे. मी गेले की शंभर टक्के सह्या घेऊन यायची. कारण मी आधी जेवायची. चुलीपाशी बसायचं, बाईच्या हातची भाकरी खायची, कोकरू मांडीवर घ्यायचं, आणि हात धुऊन झाले की पिशवीतून कागद काढायचा.

सरांनी विचारलं, कसं जमतं तुला? मी सांगितलं. ते म्हणाले, लिहून काढ. मी लिहून काढलं. आमच्या कार्यकर्त्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत ते चौथं प्रकरण झालं. त्यातलं एक वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण ते माझं आहे. 'सही मागण्यापूर्वी त्या घरात भोजन घ्यावे.' त्याचं इंग्रजी झालं. पैसे देणाऱ्यांच्या कचेरीतून कौतुकाचं पत्र आलं की ही स्थानिक शहाणपणाची पद्धत फार आवडली, आम्ही ती इतरत्रही वापरू. सरांनी पेढे वाटले. मी ते पत्र आईला वाचून दाखवलं. काय मेला अभिमान होता मला.

मग गेल्या काही वर्षांत पैशाची जात बदलली. पूर्वी तिकडच्या सरकारची मदत यायची, आता तिकडच्या कंपन्यांचा पैसा यायला लागला. त्यांच्या कारखान्यांच्या धुराची भरपाई म्हणून त्यांना कुठंतरी झाडं लावून दाखवायची होती. झाडं लावायला डोंगर पाहिजेत. आमच्याकडचे डोंगर त्यांच्या कागदावर ओसाड होते. आठ महिने कुसळं आणि चार महिने मेंढरं एवढंच त्यावर असतं, म्हणून ओसाड. झाडं लावायची, कुंपण घालायचं, तीस वर्षं आत जनावर सोडायचं नाही. आणि या सगळ्याला तिथं चारणाऱ्या बायकांची संमती पाहिजे. परदेशातल्या लोकांना संमतीचं आता फार झालंय. मोकळी संमती, आधी घेतलेली संमती, समजून दिलेली संमती. सगळं फॉर्मवर छापलेलं होतं.

त्या फॉर्मवर दोन चौकोन होते. एका चौकोनापुढं 'संमती आहे'. दुसऱ्यापुढं 'आणखी संवाद आवश्यक'. तिसरा चौकोन नव्हता. नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती. मी असे फॉर्म कितीतरी वस्त्यांवर भरून आणले आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही, कारण मला पहिल्या चौकोनाखाली कधी बघावंच लागलं नव्हतं.

आमच्या गावापासून जवळच्याच एका वस्तीच्या डोंगराचं काम राहिलं होतं. पैसे देणाऱ्यांचा माणूस दोन दिवसांनी सांगलीला येणार होता. सर म्हणाले, ही वस्ती तूच कर, आणि शंभर टक्के पाहिजे.

सीमेकडं म्हातारीला अव्वा म्हणतात. त्या वस्तीवर एक अव्वा होती, तिनं हो म्हटलं की बाकीच्या बायका हो म्हणतात. मी दुपारच्या वेळी नेमकी तिच्या घरी गेले. ड्रायव्हरला लांब थांबवलं, गाडी दिसू नये म्हणून. हेही चौथ्या प्रकरणात आहे. अव्वा चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. कुणाची तू, म्हणाली. मी गाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं. तिनं वडलांना ओळखलं. साताऱ्याच्या वाटेवर दोघांचे वाडे, मेंढरांचे मुक्काम, एकदा शेजारी शेजारी पडले होते म्हणाली. माझं काम सोपं झालं असं मला वाटलं.

तिनं पितळी पुढं ठेवली. ज्वारीची भाकरी, खर्डा, मेंढीच्या दुधाचं दही. मी पिशवी पाठीमागं सरकवली. तिनं ते बघितलं.

"पिशवीत काय हाय गं?"

"नंतर बघू की अव्वा. आधी जेवू."

अव्वानं पितळी उचलली आणि आपल्या बाजूला ठेवली. रागानं नाही, अगदी सावकाश. मग ती बोलली. मागल्या साली एक पोरगा आला होता म्हणाली. चांगला पोरगा, मेंढराची पारख असलेला. तिच्याच घरी जेवला, दोनदा दही मागून घेतलं. हात धुतले आणि पिशवीतनं कागद काढला. जेवलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून तिनं अंगठा दिला, तिचा बघून सगळ्यांनी दिला. त्या कागदानं ओढ्यापलीकडचा माळ गेला. आता तिथं तारेचं कुंपण आहे आणि मेंढरू आत शिरलं तर पोलिसांची भीती घालतात.

मी त्या पोराला ओळखत होते. मीच त्याला तीन दिवस शिकवलं होतं.

अव्वा म्हणाली, "त्येला कुणीतरी शिकिवलं आसणार. आन् शिकिवणारं आमच्यातलंच आसणार. भाईरच्या माणसाला ह्ये म्हाईत नसतंय."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. भाकरी परतत होती. तिला माझ्याबद्दल काही माहीत असेल असं मला वाटत नाही. तिनं फक्त विचार केला होता, आणि विचार केला की जे कळतं ते तिला कळलं होतं. त्या मांडवात आईला उभं केलं होतं तेव्हा निदान अण्णा समोर होते, त्यांचा राग करता आला असता. इथं अण्णांच्या जागी मी होते. पायातली वहाण काढून तिनं मला मारली असती तर मी वाचले असते.

"जेवायला आली आसलीस तर जेव," अव्वा म्हणाली. "सही घ्यायला आली आसलीस तर कागूद काड, मी काय बोलायचं ती बोलीन. दोनी एका बैटकीत न्हाई."

मी कागद काढला. म्हटलं, अव्वा, बायकांना बोलव.

बायका आल्या. मी तो करार पहिल्या ओळीपासून वाचला. आमच्या बोलीत वाचला, जिथं अडलं तिथं एका सुनेनं कानडीत सांगितलं. इतकी वर्षं ते कागद मी वाटत होते, पण पूर्ण वाचून कधीच दाखवले नव्हते. 'डोंगर हिरवा होणार, तुम्हाला रोपं लावायचं काम मिळणार' एवढंच सांगायची. ते खोटं नव्हतं. बाकीचं सांगत नव्हते. मग तीस वर्षांचं कलम वाचलं. अव्वाच्या धाकट्या सुनेच्या कडेवर मूल होतं. ती म्हणाली, म्हणजे ह्याचं निम्मं वय जाईपर्यंत. एकीनं विचारलं, झाडं मेली तर कुंपण काढणार का? मी कलम शोधलं. काढणार नव्हते.

मग त्या एकेक करून नाही म्हणाल्या. माझ्या तोंडावर. आमच्या बायकांना ते सोपं नव्हतं. काहींनी जमिनीकडं बघून म्हटलं, एक तर म्हणताना रडली, जणू मला हाकलून देत होती. मी प्रत्येकीच्या फॉर्मवर दोन्ही चौकोन सोडले आणि खाली समासात शाईनं 'नाही' लिहिलं. त्याखाली त्यांनी सही केली, अंगठे केले.

सगळं झाल्यावर अव्वानं पितळी परत माझ्यापुढं सरकवली.

"आता जेव. आता तू काय बी खाल्लंस तरी आमचं काय जात न्हाई."

मी जेवले.

त्या संध्याकाळी मी सांगलीला गेले नाही, आईकडं गेले. गेली वीसेक वर्षं जे पोटात होतं ते सांगितलं. म्हटलं, तुला उभं केलं होतं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. आई लसूण सोलत होती. हात थांबले नाहीत.

"म्हाईत हाय. दिसत हुतीस की तू."

मग मला कधी बोलली का नाहीस, म्हटलं. ती म्हणाली तू लहान होतीस, तुला काय बोलायचं. राग स्वतःचा येतो म्हणाली. "चूक झाली का म्हणून इचारलं तवा न्हाई म्हणायला पायजे हुतं मी. मेंढरं आडकल्याली हुती म्हणून व्हय म्हनले. कोकरू तरी कुटं वाचलं."

दुसऱ्या दिवशी सांगलीत बैठक. परदेशातून आलेला माणूस तरुण होता, सभ्य होता. उभा राहून नमस्कार करणारा. सरांनी माझ्याकडून फॉर्म घेतले, वरचे दोन-तीन चाळले आणि हसत हसतच मला बाहेर व्हरांड्यात नेलं. काचेचं दार होतं, आतून दिसत होतं, म्हणून हसणं सोडलं नाही. म्हणाले, कोरे फॉर्म गाडीत आहेत, बसून भर, तासाभराचं काम आहे. मी म्हटलं, बायका नाही म्हणाल्यात. ते म्हणाले, त्यांना काय कळतं, तू समजावून सांगायचं होतंस. मी म्हटलं, समजावून सांगितलं सर, म्हणूनच नाही म्हणाल्या.

सरांचं हसू तसंच होतं. आवाज तेवढा खाली आला.

"वसतिगृहात ठेवली, शिकवली, चार लोकांत बसवली. पण मेंढरामागची ती शेवटी मेंढरामागचीच."

गंमत म्हणजे मला वाईट वाटलं नाही. इतक्या वर्षांत त्या माणसानं माझ्याशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. व्हय, मेंढरामागची. मेंढरामागं चालणाऱ्या बाईला डोंगर कुणाचा हे विचारावं लागत नाही.

मी आत गेले आणि मोठ्या टेबलाची खुर्ची ओढून बसले. त्या तरुण माणसाला इंग्रजीत सांगितलं की वस्तीनं नकार दिलाय, सगळ्यांनी दिलाय, फॉर्मवर लिहिलंय. तो अस्वस्थ झाला. त्यानं फार अदबीनं विचारलं की होकारापर्यंत पोचायला काही मार्ग निघेल का. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. तो म्हणाला, आमच्या प्रणालीत तसा पर्याय नाही, मी हे 'आणखी संवाद आवश्यक' मध्ये टाकतो. माणूस वाईट नव्हता. त्याला वरून जे छापून आलं होतं तेच तो भरत होता. अट तिकडून, चौकोन तिकडून, स्वयंस्फूर्ती तेवढी आमची.

तेव्हा मी उरलेलं सांगितलं. ते पुस्तिकेतलं चौथं प्रकरण मी लिहिलंय म्हटलं. तुम्ही ज्याचं कौतुकाचं पत्र पाठवलं ते. ते शहाणपण नाही, ती फसवणूक आहे. आमच्या माणसांच्या अन्नाला लावलेला सापळा आहे. त्या पद्धतीनं मी ज्या ज्या वस्तीवर सह्या घेतल्या, त्यातली एकही संमती नाही. तुमच्या फायलीतल्या मी आणलेल्या सगळ्या सह्या खोट्या धरा.

त्यानं लिहिणं थांबवलं. पेनाला टोपण लावलं. सर म्हणाले, "शी इज नॉट वेल." कुणीतरी चहा आणला. माझ्यापुढं कप ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशीपासून कामावर येऊ नको म्हणून निरोप आला. नोकरी लागल्यावरही मी वसतिगृहातच राहत होते, ती खोली त्याच आठवड्यात रिकामी करून घेतली. अव्वाच्या वस्तीची फाईल बंद झालेली नाही. तिथं संवाद चालू आहे, म्हणजे दर महिन्याला नवीन कुणीतरी जातं. आता संस्थेनं माझ्या जागी एक मुलगी नोकरीला घेतलीय असं कळलं. पलीकडच्या तालुक्यातली, धनगराचीच. हुशार आहे म्हणे. मी तिचा नंबर मिळवून फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ताई, तुमचं खाऊन झालंय, आमचं आत्ता कुठं सुरू झालंय. तिलाही मी दोष देत नाही, पण तिच्या मागोमाग जाणार हे तिला सांगून ठेवलंय.

मी काय करते ते सांगते. ज्या वस्त्यांवर मी जेवून सह्या घेतल्या त्यांची यादी माझ्या डोक्यात आहे. कोणत्या घरी काय खाल्लं तेही आठवतं. त्यातल्या प्रत्येक वस्तीवर मी परत जाते. एसटीनं जाते, मग चालत. जाताना सही रद्द करायचा अर्ज घेऊन जाते. दारात उभी राहून आधी सांगते की मी तुम्हाला फसवलं, कसं फसवलं. एका ठिकाणी बायकांनी शिव्या घातल्या. एका ठिकाणी म्हणाल्या, रोपं लावायची मजुरी मिळतेय ती आता तू बुडवणार का, तुझा पगार तर झाला घेऊन. खरं आहे त्यांचं. तिथंही करार वाचून दाखवला, त्यांनी रद्द नको म्हटलं, मी तसं लिहून घेतलं आणि निघाले. त्यांचं हो त्यांनी आता ऐकून दिलंय.

पण एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगते, आणि सांगताना मला आमच्या वाडवडलांची लाज वाटत नाही. पिशवीत कागद घेऊन जो येईल त्याला पाणी द्या, भाकरी देऊ नका. आधी पिशवी उघडायला लावा. तो आपल्या बोलीत बोलत असेल, आपल्या बापाचं नाव सांगत असेल, कोकरू मांडीवर घेत असेल, तर आणखी सावध व्हा. आधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या. मग नाही म्हणा नाहीतर हो म्हणा. जेवण त्यानंतर. ही रीत आपण मोडायची. जी रीत आपल्याच गळ्याला लागते ती मोडल्यानं देव कोपत नाही, आणि कोपला तर कोपू दे.

बायका म्हणतात, आवं ताई, चालत आलाय, उन्हाचं, निदान तुमी तरी दोन घास खावा. मी पिशवी उघडून अर्ज बाहेर काढते आणि म्हणते, आज नाही. कागद आणलाय.